पोझिशनिंगची पुस्तकं: रीस-ट्राउट, डनफर्ड की बायरन शार्प?

शिरोली_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मित्र मिळून कोल्हापुरातल्या फाउंड्र्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवतो. भट्टीतून हीट (एका वेळी वितळवलेला धातू) निघाली की तिचा नंबर, चार्ज मिक्स, स्पेक्ट्रोचा (धातूची रासायनिक घडण तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट, ओततानाचं तापमान, कुठल्या पॅटर्नचे किती मोल्ड भरले, हे सगळं तिथल्या तिथे मोबाईलवर टाकायचं. पुढे मशीनिंगला किंवा गिऱ्हाइकाकडे एखादा पीस रिजेक्ट झाला तर तो कुठल्या हीटचा आणि त्याच हीटचे बाकीचे पीस कुठे गेले, ते लगेच सापडतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पंचतारांकित एमआयडीसीतले काही कारखाने रोज वापरतात आणि खूश आहेत.

घोडं अडतं ते विकताना. "फाउंड्रीचं ईआरपी" (सगळ्या कारभाराचं एकत्र सॉफ्टवेअर) म्हटलं की मालक म्हणतात, आमच्याकडे टॅली आहे. "क्वालिटीचं सॉफ्टवेअर" म्हटलं की क्वालिटी इन्चार्जकडे पाठवतात, आणि त्याच्या हातात खरेदी नसते. "इंडस्ट्री फोर पॉइंट झीरो" म्हटलं की सगळे माना डोलावतात, चहा पाजतात आणि पुढे काहीच होत नाही. ज्यांनी घेतलं त्यांनी मात्र डेमो बघून लगेच घेतलं.

म्हणजे आमचं दुखणं पोझिशनिंगचं, गिऱ्हाइकाच्या डोक्यात आपल्या मालाची जागा ठरवण्याचं, आहे एवढं कळलंय. पुस्तकं शोधायला गेलो तर रीस-ट्राउटचं 'पोझिशनिंग', त्याच जोडीचे 'बावीस नियम', एप्रिल डनफर्डचं 'ऑब्वियसली ऑसम', जेफ्री मूरचं 'क्रॉसिंग द कॅझम', बायरन शार्पचं 'हाऊ ब्रँड्स ग्रो', सेथ गोडिन, कोटलर, अशी रांगच लागली. सगळी वाचायला सवड नाही. आधी कोणतं घ्यावं, आणि का? ज्यांनी वाचून प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी लिहावं ही विनंती.

वाचनवेडी

मुळापासून सुरुवात करा असं सुचवेन. अल रीस आणि जॅक ट्राउट यांचं पुस्तक १९८१चं, पण १९७२ सालीच 'ॲडव्हर्टायझिंग एज' या जाहिरात क्षेत्रातल्या नियतकालिकात त्यांची लेखमाला आली होती आणि तिथूनच हा विषय सर्वतोमुखी झाला. गिऱ्हाइकाच्या डोक्यात प्रत्येक प्रकारच्या वस्तूची एक शिडी असते आणि तिच्यावर मोजकीच नावं बसतात, असं ते म्हणतात. वरच्या पायरीवर कोणी ठाण मांडून बसला असेल तर त्याला खाली खेचायच्या भानगडीत पडू नका, त्याच्या संदर्भाने स्वतःची जागा सांगा. गाड्या भाड्याने देणाऱ्या एव्हिसने हर्ट्झच्या पाठोपाठ आपण दुसरे आहोत हे जाहिरातीत उघड कबूल केलं आणि म्हणून आम्ही जास्त राबतो असं सांगितलं. सेव्हन-अपने स्वतःला 'अनकोला' म्हणवून घेतलं, म्हणजे कोलाच्या शिडीचा आधार घेऊनच कोलाहून वेगळी जागा मिळवली.

तुमचं "आमच्याकडे टॅली आहे" हे उत्तर याच शिडीचं उदाहरण आहे. मालकाच्या डोक्यात 'कारखान्यातलं सॉफ्टवेअर' या शिडीवर टॅली बसलंय. तुम्ही ईआरपी म्हणालात की तो तुम्हाला त्याच शिडीवर ठेवतो, टॅलीच्या खाली. रीस-ट्राउट वाचलं की हे डोळ्यांना दिसायला लागतं, म्हणून ते आधी. 'बावीस नियम' (१९९३) एका बैठकीत संपतं, पण त्यात ठाम विधानं जास्त आणि कारणमीमांसा कमी आहे. ते नंतर वाचलं तरी चालेल.

सिॲटलकर

वाचनवेडी यांच्या निदानाशी सहमत, औषधाशी नाही. मी कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत प्रॉडक्ट मार्केटिंगचं काम करतो, त्यामुळे हे रोजचंच आहे. रीस-ट्राउट वाचून 'अरे, असं असतं होय' एवढं होतं. सोमवारी सकाळी कामावर जाऊन करायचं काय, ते कळत नाही. त्यांची बहुतेक उदाहरणं मोठ्या जाहिरात बजेटवाल्या कंपन्यांची आहेत. देश, चर्च, स्वतःचं करिअर, सगळ्यांचं पोझिशनिंग ते सांगतात. चार फाउंड्र्यांचे दरवाजे ठोठावणाऱ्या दोघांनी काय करायचं ते सांगत नाहीत.

शिरोलीकर, तुम्ही एप्रिल डनफर्ड घ्या. २०१९चं छोटेखानी पुस्तक आहे. बाईंनी कितीतरी वर्षं टेक कंपन्यांत मार्केटिंग केलंय, त्यामुळे कंपनीने कंपनीला विकायच्या मालाबद्दलच ते आहे. त्यांच्या मते पोझिशनिंग म्हणजे संदर्भ ठरवणं. २००७ साली वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनवर जोशुआ बेल हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक साध्या कपड्यांत उभा राहून वाजवत होता आणि बहुतेक लोक न थांबता निघून गेले. वादक तोच, व्हायोलिन तेच, जागा बदलल्याबरोबर ऐकणाऱ्यांची अपेक्षा बदलली. तुमच्या मालाला तुम्ही 'ईआरपी' म्हटलंत की मेट्रो स्टेशनवर उभे राहिलात.

पुस्तकाचा खरा गाभा क्रमात आहे. आपण सगळे आधी नाव ठरवतो, 'आपण ईआरपी', आणि मग त्याला साजेसे गुण शोधत बसतो. डनफर्ड उलटं करायला लावतात. तुम्ही नसतात तर गिऱ्हाइकाने काय केलं असतं, हा पहिला प्रश्न. त्या पर्यायांत नसलेलं असं तुमच्याकडे काय आहे, हा दुसरा. त्याचा गिऱ्हाइकाला फायदा काय, तो फायदा कोणाला जिवाभावाचा वाटतो, आणि हे सगळं झाल्यावर सर्वांत शेवटी, कोणत्या वर्गात उभं राहिलं म्हणजे हा फायदा आपोआप कळेल. तुम्ही शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केलीये, म्हणून तीन नावं बदलूनही फरक पडला नाही.

आता मला सांगा: तुमचं सॉफ्टवेअर नसतं तर त्या फाउंड्रीत काय चाललं असतं? दुसऱ्या कंपन्यांची नावं नकोत. प्रत्यक्षात काय चालतं ते हवं.

शिरोली_नाका

चांगला प्रश्न आहे. भट्टीजवळ एक रजिस्टर असतं. कडांना काळवंडलेलं, पानावर हाताने आखलेले रकाने. मेल्टर किंवा सुपरवायझर हीट नंबर, वेळ, किती पिग, किती स्क्रॅप, किती रनर-रायझर (ओतताना कास्टिंगला जोडून उरलेला धातू) परत टाकलं ते लिहितो. घाईत असेल तर शिफ्ट संपताना आठवून लिहितो. स्पेक्ट्रोचा प्रिंट लॅबमध्ये वेगळ्या फाइलला. मोल्डिंगचा हिशेब तिसऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला मुलगा यातलं थोडं एक्सेलमध्ये उतरवतो. रजिस्टरच्या पानाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवरही असतात. आणि हे सगळं एकत्र जोडणारा क्वालिटीचा एक जुना माणूस असतो, ज्याला बऱ्याच गोष्टी तोंडपाठ असतात.

म्हणजे आमची स्पर्धा टॅलीशी नाहीच. रजिस्टर, एक्सेल आणि त्या माणसाच्या स्मरणशक्तीशी आहे. असा विचार केला नव्हता.

जुना_जाहिरातवाला

चर्चा छान चाललीय. माझं आयुष्य जाहिरातीत गेलं, म्हणून थोडं आपल्याकडचं सांगतो. या विषयावर बोलताना सगळे एव्हिस आणि सेव्हन-अपच काढतात, आणि आपल्या बाजाराने जे शिकवलंय ते बाजूला राहतं.

१९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा काढली. सर्फच्या मानाने किती तरी स्वस्त. हिंदुस्थान लिव्हरला पुढे जाग आली तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न होता की किंमत उतरवायची का. लिंटास या जाहिरात संस्थेत अलिक पदमसींनी उभी केलेली ललिताजी हे त्याचं उत्तर होतं. ती भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पै-पैचा हिशेब ठेवणारी बाई होती. तिने सर्फ उंची आहे असं म्हटलं नाही. अर्धा किलो सर्फ एक किलो साध्या पावडरीइतकं पुरतं, हा हिशेब तिने मांडला. महाग या जागेवरून सर्फ समजूतदार खरेदीच्या जागेवर आलं. पण नुसती जाहिरात पुरली नाही, हेही लक्षात ठेवा. निरमाच्या किमतीशी दोन हात करायला लिव्हरला 'व्हील' ही वेगळी पावडर आणावीच लागली. पोझिशनिंगने एक बाजू राखली, दुसऱ्या बाजूला माल लागला.

दुसरं उदाहरण नॅनो. २००८ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती दाखवली तेव्हा देशभर कौतुक झालं. पण 'सर्वांत स्वस्त गाडी' हे बिरुद चिकटलं आणि सुटलं नाही. स्वतः रतन टाटांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की ते बिरुद भोवलं. स्कूटरवरून चारचाकीवर जाणाऱ्या घराला शेजाऱ्यांसमोर 'स्वस्तातली' घेतली असं दिसायचं नसतं. इंजिनिअरिंग उत्तम असूनही जागा चुकली.

म्हणून माझी शिफारस सुब्रतो सेनगुप्ता यांचं 'ब्रँड पोझिशनिंग'. जाहिरात क्षेत्रात उमेदीची वर्षं काढून मग आयआयएम कोलकात्यात शिकवणारा माणूस. उदाहरणं भारतीय, लेखन नेमकं. शिरोलीकरांना त्यातून थेट कृती मिळणार नाही, पण नजर तयार होईल.

कोकणमेवा_दापोली

मध्येच घुसते, रागावू नका. मी आणि माझी जाऊ मिळून आगळ, अमृत कोकम आणि आमसुलं करतो. पुण्याच्या प्रदर्शनांत माल हातोहात जातो. दादर-पार्ल्यातल्या काही दुकानांत ठेवलाय, तिथे मात्र बाटल्या शेल्फवर तशाच बसतात. सिॲटलकर दादांनी सांगितलेलं पुस्तक माझ्या उपयोगाचं आहे का? की माझ्यासाठी वेगळं काही? लेबलवर 'पित्तावर गुणकारी' असं ठळक छापावं असं जाऊ म्हणते.

आकडेमोड

कोकणमेवा ताई, तुमच्यासाठी वेगळंच. बायरन शार्पचं 'हाऊ ब्रँड्स ग्रो' (२०१०). शार्प ॲडलेडच्या एरेनबर्ग-बास संस्थेत काम करतात. किराणा, साबण, पेयं अशा रोजच्या वस्तू लोक प्रत्यक्षात कशा विकत घेतात याच्या अनेक वर्षांच्या नोंदींवर ते पुस्तक उभं आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी या धाग्यावर आतापर्यंत लिहिलेल्याच्या उलट आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं. छोट्या ब्रँडला गिऱ्हाईक कमी असतं हे उघड आहे, पण जे असतं तेही मोठ्या ब्रँडच्या गिऱ्हाइकापेक्षा थोडं कमी निष्ठावान असतं. म्हणजे 'मोजकं पण जीव ओवाळून टाकणारं गिऱ्हाईक' या आशेवर रोजच्या वस्तूंचा धंदा सहसा वाढत नाही. वाढ येते ती वर्षातून एकदा-दोनदा घेणाऱ्या असंख्य लोकांमुळे. दुसरं, 'आम्ही वेगळे आहोत' हे घेणाऱ्याला फारसं जाणवतच नाही. त्याला तुमची बाटली लांबून ओळखू येते का, हे जास्त महत्त्वाचं. रंग, झाकण, अक्षर, चित्र, ते वर्षानुवर्षं बदलायचं नाही. तिसरं, गरज पडली की आठवलं पाहिजे आणि आठवल्यावर समोर मिळालं पाहिजे.

ताई, प्रदर्शनात तुम्ही समोर उभ्या असता, चव देता, म्हणून माल जातो. दुकानात तुमच्याऐवजी बाटली उभी असते. आगळ घरात केव्हा आठवतं ते लिहून काढा. माशांच्या जेवणाबरोबर सोलकढी करायची म्हणून. एप्रिल-मेच्या दुपारी पाहुणे आले म्हणून. चिंचेऐवजी आमटीला म्हणून. यातला कुठला प्रसंग दादरच्या गिऱ्हाइकाच्या घरात सर्वांत जास्त वेळा येतो, त्याचं चित्र बाटलीवर हवं. याच संस्थेच्या जेनी रोमानियुक यांनी शार्पबरोबर लिहिलेल्या दुसऱ्या भागात या प्रसंगांवर बरंच आहे.

वाचनवेडी

आकडेमोड, 'वेगळेपण जाणवत नाही' हे मला सरसकट मान्य नाही. पितांबरी बघा. ठाण्यातल्या प्रभुदेसाईंनी तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर आणली तेव्हा तिच्यासमोर दुसरी पावडर नव्हतीच. समोर होती चिंच, लिंबू आणि राख. देवाची भांडी, समई, निरांजन काळं पडलं की घरोघरी हेच वापरलं जायचं. तिथे वेगळेपण चट्कन कळतं, कारण बाईच्या हाताला ते जाणवतं. मग 'बाटली ओळखू येणं' हे नंतरचं काम झालं. आधी वर्ग तयार झाला. ही तर शुद्ध रीस-ट्राउटची गोष्ट आहे: आहे त्या शिडीवर जागा नसेल तर नवी शिडी लावा.

आकडेमोड

पितांबरीचं उदाहरण चपखल आहे, आणि त्याला शार्पची हरकत नसावी. नवा वर्ग उभा राहतो तेव्हा काही काळ एकच नाव असतं. पण त्या वर्गात दहा पावडरी आल्या की दुकानदाराच्या फळीवर काय होतं? तिथून पुढे शार्प लागू होतो. कोकमचा वर्ग तर आधीपासून आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमला भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि प्रत्येक प्रदर्शनात आगळाचे कितीतरी स्टॉल असतात. ताईंना नवी शिडी लावायला जागा कुठे आहे? मला वाटतं तुमचं आणि माझं भांडण पुस्तकांचं नसून वेळेचं आहे. वर्ग नवा की जुना, गिऱ्हाईक विचार करून घेतं की जाता जाता उचलतं, यावर पुस्तक ठरतं.

एका बाबतीत मात्र मी शार्पच्या बाजूने ठाम आहे. रीस-ट्राउट म्हणतात एकच नाव अनेक वस्तूंना देऊ नका. आपल्याकडे मिठापासून ट्रकपर्यंत टाटा आहे आणि लोकांना त्यात काही खटकत नाही. त्यांचा हा नियम अमेरिकेतल्या काही फसलेल्या उदाहरणांवर उभा आहे.

वाचनवेडी

टाटाचा मुद्दा मान्य. विश्वासाचं नाव आणि वस्तूचं नाव यांत आपल्या बाजारात फरक आहे, तो रीस-ट्राउटना पकडता आलेला नाही. शिडीचा मुद्दा मात्र सोडत नाही. :)

करकचेरी

'पित्तावर गुणकारी' वाचून लिहायला आलो. व्यवसायाने कर सल्लागार आहे. ताई, ते छापू नका. खाद्यपदार्थाच्या लेबलवर रोग बरा करण्याचा दावा अन्नसुरक्षा कायद्यात चालत नाही. औषध म्हणून विकायचं तर परवाना वेगळा, नियम वेगळे.

मार्केटिंगची पुस्तकं वर्ग ठरवा म्हणतात, पण वर्ग ठरला की त्याच्या पाठोपाठ कायदा आणि करही येतो, यावर त्यांत फारसं काही सापडत नाही. विको टर्मरिक बघा. आपल्या पेंढरकरांची कंपनी. ही क्रीम आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. सौंदर्यप्रसाधन नव्हे, हे जाहिरातीतून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, त्यात बाजारातली जागाही होती आणि कराचा दरही होता. तेव्हा आधी तुमची वस्तू कायद्याने कशात बसते ते बघा, मग पुस्तक उघडा.

कोकणमेवा_दापोली

बापरे. बरं झालं छापायच्या आधी विचारलं. जावेला हा प्रतिसाद वाचून दाखवते. सोलकढीचं चित्र लावून नवीन लेबल करतो. आकडेमोड दादा, पुस्तक मागवते.

भट्टीवाला

माझी स्वतःची फाउंड्री आहे, ग्रे आयर्न आणि एसजी, ओतीव लोखंडाचे दोन्ही प्रकार. गाव सांगत नाही. तुम्ही लोक पुस्तकांवर बोलताय, मी गिऱ्हाईक म्हणून बोलतो.

मला ईआरपी विकायला बरेच येतात. सगळे स्क्रीनवर रंगीत गोल आणि दांडे दाखवतात. ते बघून मला कळत नाही की माझा पैसा कुठे वाचणार. माझा पैसा कुठे जातो ते सांगतो. मशीनिंग झाल्यावर ब्लो होल (ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी) उघडं पडतं. गिऱ्हाईक कास्टिंगचे पैसे तर कापतंच, वर त्याने केलेल्या मशीनिंगचेही पैसे लावून डेबिट नोट पाठवतं. आणि म्हणतं, तुमचा उरलेला स्टॉक आमच्याकडे पडलाय तो सगळा तपासून द्या. मग मी माझी माणसं चाकणला सॉर्टिंगला पाठवतो. त्यांचं जाणं-येणं, राहणं, आणि तेवढे दिवस इथली लाइन माणसांविना. कुठल्या हीटचा माल आहे हे मला खात्रीने सांगता आलं असतं तर मी म्हणालो असतो, एवढेच पीस बाजूला काढा, बाकीचे वापरा. रजिस्टर बघून तसं छातीठोक सांगता येत नाही. म्हणून सगळंच तपासावं लागतं.

आणि ऑडिट. आयएटीएफ १६९४९चा, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचा, ऑडिटर येतो, एक कास्टिंग हातात घेतो आणि म्हणतो याचा हीट दाखवा, केमिस्ट्री दाखवा. मग आमची फाइल शोधायची धावपळ. ऑडिटच्या आधीचा आठवडा माझ्या क्वालिटीवाल्याला झोप नसते.

शिरोलीकर, तुम्ही जे बनवलंय ते याच दोन गोष्टींवर आहे असं तुमच्या पहिल्या पोस्टवरून दिसतं. मग ईआरपी कशाला म्हणता? ईआरपी म्हटलं की मला आधीच्या एका अनुभवाची आठवण येते. वर्षभर डेटा भरला आणि शेवटी कोणी वापरलं नाही. मी लगेच दार लावतो.

सिॲटलकर

भट्टीवाला साहेब, डनफर्डच्या पुस्तकातली निम्मी कामं तुम्ही एका प्रतिसादात करून दिलीत.

शिरोलीकर, आता बघा. पर्याय म्हणजे रजिस्टर आणि जुना माणूस. त्या पर्यायात नसलेली गोष्ट म्हणजे पीस ते हीट आणि हीट ते बाकीचे पीस, खात्रीने. फायदा म्हणजे डेबिट नोट आवाक्यात राहते आणि सगळा स्टॉक चाळावा लागत नाही. हे कोणाला जिवाभावाचं? जो वाहन उद्योगाला मशीनिंगचे पार्ट देतो त्याला. स्थानिक पंपाचं किंवा शेतीच्या अवजारांचं कास्टिंग करणाऱ्याला कदाचित नाही. तुमच्या सध्याच्या खूश गिऱ्हाइकांत कोण आहेत ते तपासा. डनफर्डची पहिली पायरीच ती आहे: ज्यांना तुमचा माल मनापासून आवडतो त्यांच्याकडे आधी बघा.

दुसरं पुस्तक म्हणून मूरचं 'क्रॉसिंग द कॅझम' (१९९१, सुधारित आवृत्ती २०१४). नवी गोष्ट हौसेने घेणारे लोक आणि ती रुळल्यावर घेणारे व्यवहारी लोक यांच्यात दरी असते, हा त्यांचा मुद्दा. व्यवहारी माणूस दुसऱ्या व्यवहारी माणसाचा दाखला मागतो, आणि तो दाखला त्याच्याच धंद्यातला लागतो. एमआयडीसीत याहून वेगळं काही चालत नाही. "शेजारच्या फाउंड्रीत बसवलंय का?" हाच पहिला प्रश्न असतो. म्हणून मूर म्हणतात एकच छोटा बाजार धरा आणि तो पूर्ण काबीज करा. तुमच्यासाठी तो बाजार म्हणजे वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कोल्हापूर परिसरातल्या फाउंड्र्या. पंपवाले, व्हॉल्व्हवाले नंतर.

एक इशारा. मूर यांनी गाळलेल्या जागा भरायचं एक वाक्य दिलंय: अमक्यांसाठी, ज्यांना तमकं हवंय, आमचा माल हा ढमक्या वर्गातला, वगैरे. डनफर्ड त्याच्यावर कडक टीका करतात, कारण ते वाक्य भरताना माणूस आधीपासून डोक्यात असलेली उत्तरंच लिहितो. मीही ते वाक्य शेवटी वापरतो, आधी नाही.

वाचनवेडी

रीस-ट्राउटचा आग्रह मी सोडते. तुमच्या बाबतीत डनफर्ड आधी, हे भट्टीवाला यांच्या प्रतिसादानंतर मला पटलं.

पण गिऱ्हाइकांकडे जाण्यापूर्वी आणखी एक छोटं पुस्तक चाळा, रॉब फिट्झपॅट्रिकचं 'द मॉम टेस्ट'. आमचं सॉफ्टवेअर कसं वाटलं, असं विचारलं की लोक गोडच बोलतात. मागची डेबिट नोट आली तेव्हा काय काय केलं, कोणाला फोन केला, किती जण कामाला लागले, असं घडलेलं विचारायचं. कोल्हापूरकर तर घरी आलेल्या माणसाला वाईट बोलणारच नाहीत, त्यामुळे तुम्हाला याची जास्त गरज आहे.

शिरोली_नाका

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात डनफर्ड वाचून झालं आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे चक्कर मारून आलो. मतं विचारली नाहीत, मागच्या रिजेक्शनची हकिकत सांगा एवढंच म्हटलं.

सिॲटलकर म्हणाले तेच निघालं. जे रोज वापरतात ते जवळपास सगळे वाहन उद्योगाला माल देणारे आहेत आणि मशीनिंग बाहेरून करून घेतात. मशीनिंग बाहेर असल्यामुळे दोष कळायला वेळ लागतो, तोवर त्या हीटचे पीस तीन ठिकाणी विखुरलेले असतात. ज्यांच्याकडे स्वतःचं मशीन शॉप आहे त्यांना दोष त्याच आठवड्यात दिसतो, त्यांची ओढ कमी आहे. हा फरक आमच्या लक्षातच आला नव्हता, कारण दोघांनाही आम्ही 'फाउंड्री' याच खात्यात धरत होतो.

एका मालकांनी तर कपाटातून डेबिट नोटांची फाइलच काढून दाखवली. आमच्या आधीच्या नोटा आणि नंतरच्या नोटा त्यांनी वेगळ्या लावल्या होत्या. नंतरच्या प्रत्येक नोटेला आमच्या सॉफ्टवेअरचा हीट रिपोर्ट टाचला होता. गिऱ्हाइकाशी बोलताना ते हा कागद पुढे ठेवतात. आमच्या डेमोत तो रिपोर्ट सगळ्यात शेवटी यायचा, तोही वेळ उरला तर.

तर ईआरपी हा शब्द आमच्या पत्रकातून गेला. आता 'कास्टिंग ट्रेसेबिलिटी' म्हणतोय आणि डेमोची सुरुवात डेबिट नोटेपासून करतोय. पुस्तकातली वर्गाची तिसरी पद्धत, म्हणजे नवाच खेळ मांडणं, आम्हाला झेपणारी नाही. मोठ्या तळ्याचा एक कोपरा धरायची दुसरी पद्धत घेतली. मूर मागवलंय. सेनगुप्तांचं पुस्तक जुन्या बाजारात शोधतोय. शार्प आमच्या कामाचं नाही असं आकडेमोड यांच्याच निकषावरून दिसतं.

भट्टीवाला

एक सूचना. 'ट्रेसेबिलिटी' हा शब्द ऑडिटरला आणि क्वालिटीवाल्याला कळतो. मालकाला डेबिट नोटच सांगा. पत्रकं दोन करा.

सिॲटलकर

भट्टीवाला यांच्याशी सहमत, फक्त दोन पत्रकांत माल दोन वेगळे वाटू नयेत. जागा एकच ठेवा, बोलणं माणूस बघून बदला. डनफर्डच्या शेवटच्या पायरीत ठरलेलं सगळं एका कागदावर उतरवून घ्यायला सांगितलंय, ते टाळू नका. पुढे विक्रीला तिसरा माणूस ठेवाल तेव्हा त्याच्या हातात तोच कागद द्या, नाहीतर तो पुन्हा ईआरपी म्हणून विकायला लागेल.

जुना_जाहिरातवाला

शिरोलीकर, सेनगुप्तांची जुनी प्रत माझ्याकडे आहे. समासात माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत, चालत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. पुण्यात आलात की घेऊन जा, वाचून झालं की परत द्या.

शिरोली_नाका

काका, खुणांसकट चालेल. व्यनि केलाय.